ठाय लयीची वही : ओळखीचे तुकडे आठपट ताणताना

6 जानेवारी

कामाची चौकट आज ठरवून टाकली. बहुतेकांच्या कानावरून गेलेल्या चार रचना घ्यायच्या आणि त्या संथ करत वीस-पंचवीस मिनिटांचे अँबियंट, म्हणजे खोलीत हवेसारखे पसरून राहणारे, तुकडे करायचे. यादी अशी: बेटोव्हेनचं 'फ्यूर एलिझे', ब्राम्सचं अंगाईगीत, पाखेलबेलचा कॅनन आणि सातीची पहिली 'जिम्नोपेदी'. निकष एकच, पहिल्या चार-पाच सुरांत ऐकणाऱ्याने ओळखलं पाहिजे. ओळखच नसेल तर ती पुसण्यात काय मजा?

एक अट घालून घेतली आहे. फाइल सॉफ्टवेअरमध्ये टाकली, ताणाच्या रकान्यात आठ लिहिलं, वर घमेलंभर रिव्हर्ब (हॉलमधल्यासारखी घुमणारी आस) ओतला आणि झालं, असं करायचं नाही. 2010 मध्ये जस्टिन बीबरचं एक गाणं '800 टक्के संथ' म्हणून जगभर पसरलं. सुमारे पस्तीस मिनिटांचं ते. तेव्हापासून हा खेळ कुणालाही करता येतो, आणि करावाही. अशी फाइल पहिली पाच मिनिटं अवाक करते. पुढची तीस मिनिटं ती तेच पुन्हा करत राहते. मला त्या पुढच्या तीस मिनिटांचं काय करायचं हे बघायचं आहे.

9 जानेवारी

हक्कांचा विषय आधीच निकालात काढला. रचना मुक्त असली म्हणून तिचं ध्वनिमुद्रण मुक्त असतं असं नाही. बेटोव्हेन 1827 मध्ये गेला, ब्राम्स 1897 मध्ये. पण परवा कुणी केलेलं मुद्रण परवाचंच धरलं जातं. अमेरिकेत 1923 च्या आधी प्रकाशित झालेली मुद्रणं 1 जानेवारी 2022 ला एकदम खुली झाली आणि 2024 पासून दरवर्षी एकेक साल पुढे सरकतंय. इतर देशांचे हिशेब वेगळे आहेत, तेही तपासावे लागतात.

म्हणून: अंगाईगीतासाठी मायक्रोफोन यायच्या आधीच्या काळातली, भोंग्यात गाऊन केलेली तबकडी. 'फ्यूर एलिझे' मित्र पियानोवर वाजवून देणार. कॅननच्या ओळी सुट्या सुट्या मुद्रित करून घ्यायच्या.

12 जानेवारी

'जिम्नोपेदी' यादीतून बाद. 1888 ची रचना, सातीने स्वतःच वर 'संथ आणि व्यथित' असं लिहून ठेवलंय. चौपट ताणून पाहिली. सुंदर वाजते, पण मुळात होती त्याहून वेगळं काहीच सांगत नाही. आधीच संथ असलेल्या गोष्टीला संथ केलं की ती फक्त लांब होते. कच्च्या मालात थोडी घाई हवी.

15 जानेवारी

संथ करायच्या वाटा मुळात तीन. नंतर गोंधळ नको म्हणून इथे लिहून ठेवतो.

पहिली, सरळ वेग कमी करणं. टेप किंवा तबकडी हळू फिरवली की लय आणि पट्टी (सुरांची उंची) दोन्ही एकत्र उतरतात. निम्म्या वेगाला पूर्ण सप्तक खाली. 45 ची तबकडी 33⅓ वर लावली तर पाच अर्धस्वरांपेक्षा किंचित जास्त. ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने 1990 च्या दशकात याच उतरणीवर एक आख्खी शैली उभी केली. गळा जाड होतो, तालवाद्यांना वजन येतं. तोटा असा की वरचे सूरही खाली येतात आणि वर पोकळी राहते. 44.1 किलोहर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 44,100 नमुने घेणाऱ्या, फाइलीत जेमतेम 22 हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज असतो. वेग चौथाई केला की तो साडेपाच हजारावर येऊन थांबतो. कानात कापूस घातल्यासारखं वाटतं ते यामुळे. उपाय म्हणजे मुद्रणच 96 किलोहर्ट्झला करायचं, अर्थात माइकने वरचा आवाज पकडला असेल तरच.

दुसरी वाट कणांची. आवाजाचे सेकंदाच्या काही शतांशाचे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा पुन्हा पुन्हा, थोडा थोडा सरकवत वाजवायचा. भौतिकशास्त्रज्ञ डेनिस गाबोरने 1940 च्या दशकातच आवाजाचा असा कणांनी विचार मांडला होता. पट्टी तशीच राहते, लय उतरते. कण मोठे असतील तर अडखळल्यासारखं होतं, लहान असतील तर घरघर येते.

तिसरी वाट पॉलस्ट्रेचची. नास्का ऑक्टेव्हियन पॉलने केलेला हा मुक्त प्रोग्राम, आता ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामातही आहे. आवाजाची एक खिडकी, म्हणजे छोटा तुकडा, घ्यायची, तिच्यात कोणकोणत्या कंपनसंख्या किती जोरात आहेत ते मोजायचं, आणि त्या कुठल्या क्षणी सुरू झाल्या याचा हिशेब, म्हणजे फेज, मुद्दाम विस्कटून टाकायचा. मग अशा खिडक्या एकमेकींवर चढवत जायचं. ठोका नावाची गोष्टच उरत नाही. पियानो, व्हायोलिन, माणसाचा गळा, सगळ्यांची एकच वाफ होते.

अमेरिकन संगीतकार स्टीव्ह राइशने 1967 मध्ये पट्टी न बदलता एखादा आवाज कितीतरी पट संथ करत न्यायची कल्पना कागदावर मांडली होती. त्या वेळी ते नीट करू शकणारं यंत्रच नव्हतं. 2002 मध्ये नॉर्वेच्या लाइफ इंगेने बेटोव्हेनची नववी सिंफनी ताणून 24 तासांची केली. आज तेवढं काम चहा होईपर्यंत उरकतं. अडचण यंत्राची राहिलेली नाही, हे बरंही आहे आणि वाईटही.

20 जानेवारी

'फ्यूर एलिझे'. सा म्हणजे पाश्चात्त्य ए (A) धरला तर सुरुवात अशी: प, तीव्र म, प, तीव्र म, प, रे, शुद्ध म, कोमल ग, सा. आख्खी ओळख पहिल्या पाच सुरांच्या त्या वळवळीत आहे.

मित्राने वाजवलंय त्या लयीत एक सूर सेकंदाच्या पंचमांशाएवढा. पॉलस्ट्रेचची नेहमीची खिडकी पाव सेकंदाची. म्हणजे एका खिडकीत पंचम आणि तीव्र मध्यम दोन्ही अडकतात आणि बाहेर येतात ते एकत्र. 659 हर्ट्झ आणि 622 हर्ट्झ, मधलं अंतर 37. इतक्या जवळचे दोन सूर एकदम लागले की कानाला खरखरीत लागतं. सुरुवातीची ती नाजूक हालचाल आठपट ताणल्यावर आठेक सेकंद लांब एक कर्कश पट्टा होऊन बसते.

खिडकी 0.05 सेकंदांवर आणली. आता दोन सूर वेगळे ऐकू येतात, पण डाव्या हाताचा खर्ज फाटतो. त्याचं कारण गणितातच आहे: खिडकी जेवढी छोटी, तेवढी कंपनसंख्या ओळखण्याची बारकाई कमी. पाव सेकंदात साधारण 4 हर्ट्झचा फरक कळतो, 0.05 सेकंदात 20 चा. वरच्या सुरांना 20 हर्ट्झ चालून जातात. खाली मंद्र सप्तकात तेवढ्यात दोन-तीन सूर बसतात.

उजवा हात आणि डावा हात वेगळे मुद्रित करून हवेत. मित्राला निरोप टाकलाय. त्याचं उत्तर: "एका हाताने वाजवलं तर तुला मी एक हात कापून दिल्यासारखं होईल, पण देतो."

28 जानेवारी

फायलींचा हिशेब. स्टिरिओ, 44.1 किलोहर्ट्झ, 16 बिट म्हणजे मिनिटाला सुमारे 10 एमबी. 32 बिटला दुप्पट. साध्या वेव्ह फाइलीची हद्द 4 जीबी, म्हणजे 32 बिटमध्ये तीन तास वीस मिनिटांच्या आसपास. आपल्या कामाला पुरे.

एमपी3 वरून काहीही ताणायचं नाही. कमी बिटरेटची एमपी3 जे गाळते ते सरळ वाजवताना कळत नाही. आठपट ताणलं की गाळलेल्या जागा पाण्यात बोलल्यासारख्या बुडबुडतात.

4 फेब्रुवारी

अंगाईगीत. ब्राम्स, 1868. चाल ग ग प, ग ग प, आणि मग ग प सां नी ध ध प. तबकडी जेमतेम तीन मिनिटांची. आठपट म्हणजे 24 मिनिटं.

आज ताणाचे वेगवेगळे आकडे लावून फक्त एकच गोष्ट तपासली: ओळख कुठे तुटते. मुळात तो पहिला ग अर्ध्या सेकंदाच्याही आत संपतो. दुपटीला गाणं पेंगुळलेलं वाटतं. चौपटीला ग पावणेदोन सेकंदांचा होतो आणि चाल अजून, जराशी ओढून का होईना, हाती लागते. आठपटीला तो साडेतीन सेकंदांचा, आणि चाल गेली. सूर सगळे तेच, क्रम तोच, पण दुसरा ग येईपर्यंत पहिला ऐकून संपलेला असतो. दोन ठोक्यांमधलं अंतर दोन सेकंदांच्या आसपास गेलं की कान त्यांना एका लयीत बांधायचं सोडतो, असं लयीच्या अभ्यासकांचं म्हणणं आहे. ते इथे हेडफोनवर बसून पडताळता येतं. चौपट आणि आठपट यांच्या मध्येच कुठेतरी ब्राम्सचं गाणं संपतं आणि नुसता षड्ज-पंचमाचा उजेड उरतो.

गळ्याचा कंप मात्र भाव खाऊन गेला. गायिकेच्या सुरावर सेकंदाला सहाएक हेलकावे आहेत. कणांच्या पद्धतीने आठपट ताणले की एक हेलकावा सव्वा सेकंदाहून मोठा होतो आणि ऐकू येतं ते सरळसरळ आंदोलन, दरबारीतल्या गंधारासारखं. पॉलस्ट्रेचमध्ये हेच पुसट होऊन जातं. तेव्हा गळ्यासाठी कण, हे नक्की.

खरखरीचं काय करायचं ते उद्या. तबकडीवरची प्रत्येक टिचकी पॉलस्ट्रेचमधून दोन सेकंदांचा फुस्कारा होऊन बाहेर येते. एका टिचकीत सगळ्याच कंपनसंख्या असतात, त्या खिडकीभर पसरतात आणि खिडकी आठपट होते. आधी साफ करून घ्यावं लागणार.

6 फेब्रुवारी

आजचा दिवस या प्रकल्पातला सगळ्यात कामाचा.

टिचक्या काढलेली फाइल तयार झाली. सहज म्हणून तिची फेज उलटी करून, म्हणजे लाटेचं वर-खाली उलटवून, मूळ फाइलीवर ठेवली. दोन्हींत समान असलेलं सगळं एकमेकांना खाऊन गेलं आणि मागे राहिली फक्त खरखर. गाण्याशिवायची, स्वच्छ खरखर! तिच्यात एक मोठा ओरखडा आहे, तो दर फेऱ्याला टक् करतो. मिनिटाला 78 फेरे, म्हणजे 0.77 सेकंदाला एक टक्. जुन्या तबकड्यांच्या वेगावर विसंबायचं नसतं, म्हणून फाइलीतच दोन टकांमधलं अंतर मोजून घेतलं.

मग आठपट ताणलेला गळा लावला आणि त्याच्याखाली ही खरखर मूळ वेगातच सोडली.

तोवरच्या सगळ्या ताणलेल्या फायली संथ वाटतच नव्हत्या. त्या फक्त स्थिर वाटत होत्या. ढग सरकतोय हे कळायला शेजारी झाडाचा शेंडा लागतो, तसा हा टक् मिळाला. तो चालतोय आणि गळा चालत नाहीये. दोन्हींच्या मधली जी दरी आहे, तीच संथपणा म्हणून ऐकू येते. आवाज खाली केला तरी हा परिणाम जात नाही; टक् ऐकू येण्याच्या काठावर असला तरी पुरतो.

करायची कामं: खरखर तीन मिनिटांची, गाणं 24 मिनिटांचं, म्हणजे खरखरीचं लूप, तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजणारा, करावं लागणार. लूपची लांबी पूर्ण फेऱ्यांमध्येच हवी, नाहीतर जोडावर टक् लवकर किंवा उशिरा पडेल आणि सगळा खेळ उघडा पडेल.

7 फेब्रुवारी

कालचं मनातून जाईना, तेव्हा लक्षात आलं की आपल्याकडे ही युक्ती रोजच्या वापरातली आहे. अतिविलंबित ख्यालात एकेक मात्रा चार-पाच सेकंदांची असते. कानाने लय सोडून द्यावी इतकी लांब. तरी ऐकणारा समेवर बरोबर मान हलवतो, कारण तबलजी मात्रेच्या पोटात भरत असतो. विलंबित एकतालातला तिरकिट, तबल्याचे ते झटपट बोल, हा तोच टक् आहे. उस्ताद अमीर खाँचा झूमरा ऐका: चौदा मात्रा, प्रत्येकीला पुरेसा अवकाश, आणि तबला मात्र मूळ ठेक्याला धरून, अगदी साधा.

म्हणजे माझ्या तिन्ही तुकड्यांना एकेक तिरकिट शोधायचाय. मूळ वाद्यातूनच निघालेला. बाहेरून आणलेला मेट्रोनोम नको, पावसाचा आवाज तर मुळीच नको. (अँबियंटमध्ये पाऊस घालायला निदान दहा वर्षं बंदी असावी.)

13 फेब्रुवारी

दोन्ही हात वेगवेगळे आले. 96 किलोहर्ट्झ, माइक तारांच्या अगदी जवळ. पियानोचा तिरकिट शोधायला लागलोच नाही, तो समोरच होता: हातोडी, बोटाखालची पट्टी वर येतानाची ठकठक, पेडल सोडल्यावर तारांवर टेकणाऱ्या नमद्याचा उसासा.

आता प्रत्येक सुराचे दोन भाग केलेत. हातोडी पडते तो पहिला तुकडा, सेकंदाच्या दशांशाहून लहान, तो अजिबात ताणायचा नाही. मागची आस, म्हणजे रेंगाळणारा नाद, तेवढी ताणायची. पंचम आणि तीव्र मध्यम वेगवेगळे कापून वेगवेगळे ताणले, त्यामुळे 37 हर्ट्झची भांडणं मिटली. डाव्या हाताला मोठी खिडकी, उजव्याला लहान.

हातोड्या मूळ लयीत, अगदी दबक्या आवाजात वाजत राहतात. सूर मागाहून, आपल्या सवडीने उगवतात. पहिल्या ओळीच्या हातोड्या संपल्या तेव्हा सूर अजून दुसऱ्यावर होता. या ताणाताणीतच एक रचना आहे. पुढे हातोड्या विरळ करत जायच्या आणि बाराव्या मिनिटाच्या सुमाराला पूर्ण थांबवायच्या. मग पाहू सूर स्वतःच्या पायावर उभे राहतात का.

22 फेब्रुवारी

कॅनन. खालची ओळ आठ सुरांची, सा प ध ग म सा म प, आणि ती शेवटपर्यंत 28 वेळा येते. वर तीन व्हायोलिन एकच चाल दोन-दोन मापांच्या अंतराने गातात.

ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनोने 1975 मध्ये याच कॅननवर काम केलंय. त्यातल्या एका भागात वाद्य जितकं खर्जातलं तितकी त्याची लय जास्त उतरत जाते. तो रस्ता घ्यायचा नाही, पण त्यातून एक कळतं: कॅननची ओळख एकेका सुरात नाही, सुरांच्या चालण्याच्या क्रमात आहे. म्हणून इथे ताणण्याऐवजी क्रमच सैल केला. खालच्या आठ सुरांची तीन लूप केली, 20, 21 आणि 23 सेकंदांची. मूळ ओळ नऊएक सेकंदांची, म्हणजे ताण जेमतेम सव्वादोन ते अडीच पट. सुरुवातीला तिन्ही एकत्र निघतात, मग एकमेकांपासून सुटतात. पुन्हा बरोबर एकत्र यायला त्यांना 9,660 सेकंद लागतील, दोन तास 41 मिनिटं. तुकडा 23 मिनिटांचा आहे. भेट होणार नाही.

ग आणि म एकावर एक आले की अर्धस्वराची ठिणगी उडते. तळाशी ती चालते, वर बोचते. वरच्या लूपमधून ग काढून टाकला, तिथे तेवढी जागा रिकामी.

इथला तिरकिट: चेलोचा गज दिशा बदलतो तेव्हाची सळसळ. ती कापून, मूळ वेगात, फक्त 20 च्या लूपला चिकटवली. बाकीच्या दोन लूपना काहीच नाही. त्यामुळे कान आपोआप त्या एका ओळीला धरतो आणि दुसऱ्या दोन तिच्याभोवती घसरत राहतात.

1 मार्च

मित्राला तिन्ही ऐकवले, नावं न सांगता.

अंगाईगीताला तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "बाई गातेय एवढं कळतंय. काय गातेय ते विचारू नकोस." कॅनन त्याने पहिल्या मिनिटात ओळखला आणि पाचव्या मिनिटाला विसरला, "अरे, हा मघाशी दुसराच कुणीतरी होता ना?" हेच हवं होतं.

स्वतःचाच पियानो त्याला ओळखू आला तो सुरांवरून नाही. "ही माझ्या पेडलची कुरकुर आहे. तेल घालायचं राहिलंय." बेटोव्हेन हातोड्या थांबल्यानंतर सापडला, बाराव्या मिनिटानंतर. माझा अंदाज उलटा होता, मला वाटलं होतं हातोड्यांच्या लयीवरून तो लगेच पकडेल. पण हातोडीला नेमका सूर नसतो, नुसती लय असते. आणि ती लय शेकडो चालींची असू शकते. हातोड्या गेल्यावर त्याने पहिल्यांदा सुरांकडे पाहिलं. तो मधला भाग अजून दीड-दोन मिनिटं वाढवतोय.

9 मार्च

मिक्स. 200 ते 400 हर्ट्झच्या पट्ट्यात तिन्हीकडे चिखल साचलाय. ताणलेल्या आवाजात ठोके नसतात, त्यामुळे कानाला उसंत मिळत नाही आणि हा भाग थरावर थर चढत जातो. तीनएक डेसिबल खाली घेतला. रिव्हर्ब फक्त तिरकिटांना, ताणलेल्या सुरांना शून्य. ते स्वतःच हॉल झालेले आहेत, त्यांना आणखी हॉल कशाला.

सरासरी पातळी उणे 20 एलयूएफएसच्या (आवाज कानाला किती मोठा लागतो याचं माप) आसपास ठेवली. बऱ्याच स्ट्रीमिंग सेवा उणे 14 च्या जवळ आणू बघतात. आणू देत. कॉम्प्रेसर (मोठे-लहान आवाज एका पातळीवर आणणारं साधन) लावून मी आधीच फुगवून देणार नाही. टक् ऐकू येण्याच्या काठावरच राहायला हवा.

14 मार्च

तिन्हीच्या अंतिम फायली काढल्या, 24 बिट. अंगाईगीत 24 मिनिटं, कॅनन 23, 'फ्यूर एलिझे' 21. प्रत्येकीच्या माहितीत मूळ रचनाकार, मुद्रण कुठलं, कोणत्या पद्धतीने किती पट ताणलं आणि काय न ताणता ठेवलं, हे लिहिलंय. शेवटचा रकाना वाचणाऱ्याला विचित्र वाटेल: 'न ताणलेलं: ओरखडा', 'न ताणलेलं: हातोडी, पट्टी, पेडल', 'न ताणलेलं: गज'.

खरखरीच्या लूपचा जोड अकराव्या मिनिटाला किंचित ऐकू येतोय असा संशय आहे. उद्या फेऱ्यांचं अंतर पुन्हा मोजून पाहणार, मगच फाइल बाहेर.